कॅमेरा घरचा, खातं कुणाच्या नावावर?

प्रश्न थोडक्यात असा. आई-वडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावी, विचारणारे पुण्यात नोकरीला. घरी फायबरची लाईन आली आणि मग एकेक वस्तू जोडली गेली: डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) तीन कॅमेरे, वायफायवर चालणारे दोन फिरते कॅमेरे (एक दारात, एक हॉलमध्ये), टीव्हीचा अँड्रॉईड बॉक्स, छपरावरच्या सोलारचं वायफाय. परवा आईचा फोन आला, "रात्री-अपरात्री दारातला कॅमेरा आपोआप फिरूलालाय बघ." कुणी हॅक केलंय का? केलं असेल तर पुण्यात बसून काय करता येईल? आणि कॅमेरे काढूनच टाकावेत का?

आधी फिरण्याचं बघू, कारण आईची झोप त्यामुळं उडाली आहे. फिरत्या कॅमेऱ्यात मोटर असते. करंट जाऊन आला की तो आपली जागा तपासतो: एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो, वर-खाली होतो आणि ठरलेल्या जागी येऊन थांबतो. पावसाळ्यात तुमच्या भागात रात्रीतून करंट किती वेळा जातो-येतो हे मी सांगायला नको. दुसरं कारण म्हणजे ॲपमधलं 'ह्यूमन ट्रॅकिंग'. नाव माणसाचं असलं तरी स्वस्तातला कॅमेरा कुत्र्यामागंही फिरतो, वाऱ्यानं हलणाऱ्या फांदीमागंही. पुण्यातूनच ॲप उघडा आणि त्या रात्रीची नोंद बघा. कॅमेरा त्या वेळी 'ऑफलाईन' होऊन पुन्हा 'ऑनलाईन' आलेला दिसला, तर करंटच गेला होता असं समजायला हरकत नाही. ट्रॅकिंग बंद करून चार रात्री बघा. माणूस कॅमेरा फिरवतो तेव्हा तो थोडा थोडा सरकतो, एखाद्या जागी थांबतो, परत मागं येतो, आणि नंतर बहुतेक वेळा मूळ जागी नसतो. सकाळी कॅमेरा गेटाऐवजी पडवीकडं तोंड करून बसलेला दिसला आणि घरातल्या कुणी हात लावलेला नसला, तर मात्र विषय गंभीर आहे.

आता मुद्द्याचं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत गेलो की परदेशातल्या हॅकरचा विचार करण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: या कॅमेऱ्याचं खातं कुणाच्या मोबाईल नंबरवर उघडलंय? उत्तर ठरलेलं असतं, "फिटरनंच करून दिलं की." म्हणजे घर बांधलं तुम्ही आणि उताऱ्यावर नाव लागलं गवंड्याचं.

हे होतं कसं ते बघा. फिटर शिडीवरून उतरतो, कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला क्यूआर कोड आपल्याच फोननं स्कॅन करतो, चित्र दिसतं, सगळे खूश होतात. मग तो वडिलांच्या फोनमध्ये ॲप टाकतो आणि आपल्या खात्यातून कॅमेरा त्यांना 'शेअर' करतो. वडिलांना चित्र दिसतं, त्यांना वाटतं काम झालं. पण बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये ज्यानं पहिल्यांदा स्कॅन केलं तोच मालक असतो. तुम्ही पाहुणे. त्याला मनात येईल तेव्हा बघता येतं, फिरवता येतं, माईकवरून बोलताही येतं, आणि तुम्हाला त्याचा पत्ता लागेलच असं नाही.

फिटर वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही. गावाकडं फिटर म्हणजे कुणाचा तरी भाचा असतो, आणि त्यानं हे वेळ वाचवायला केलेलं असतं. पण त्याचा फोन हरवू शकतो, तो फोन विकू शकतो, काम सोडून गोव्याला जाऊ शकतो. शिवाय एकच पासवर्ड तो साऱ्या गिऱ्हाइकांना लावत आलेला असतो. एका घरचा फुटला की सगळ्या घरांचा फुटतो.

म्हणून पहिलं काम: वडिलांच्या ॲपमध्ये त्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा. तिथं 'शेअर्ड' असं लिहिलेलं असेल, किंवा दुसऱ्याला शेअर करायची सोयच दिसत नसेल, तर मालक दुसरा कुणीतरी आहे. फिटरला फोन करून भांडू नका, चहाला बोलवा. त्याच्या ॲपमधून तुमची साधनं डोळ्यांदेखत डिलीट करून घ्या, आणि लगेच वडिलांच्या किंवा तुमच्या नंबरवर नव्यानं जोडा. कॅमेऱ्याच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट केलं की सुटलो, असं समजू नका. कित्येक मॉडेलांत सीरियल नंबर जुन्या खात्याला कंपनीच्या सर्व्हरवर बांधलेला असतो, पिननं तो सुटत नाही. फिटर सापडलाच नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला सीरियल नंबर आणि बिल दाखवून सोडवून घ्यावं लागतं. म्हणून बिल पक्कं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून मागा. बिल नको म्हणून शेदोनशे वाचवणारे नंतर इथंच अडकतात.

डीव्हीआरचं वेगळं. त्याला टीव्ही आणि माऊस जोडा, मेनूत 'यूजर' नावाचं पान असतं ते उघडा. 'ॲडमिन' असणारच. त्याखाली आणखी एखादं नाव दिसलं आणि ते घरातल्या कुणाचं नसलं, तर ते काढा. त्याच मेनूत 'लॉग' असतो. कोण कधी आत आलं, कुठल्या आयपी पत्त्यावरून (साधनाचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता), हे तिथं तारखेसकट असतं. काही बदलण्याआधी दोन्ही पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढं तक्रार करायची वेळ आली तर ते उपयोगी पडतात.

पासवर्ड हलकेपणानं घेतला की काय होतं याचं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही फुटेज टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. तपासणीला आलेल्या बायकांचे ते व्हिडिओ होते. पासवर्ड 'ॲडमिन१२३' असा ठेवलेला होता, हे नंतर तपासातून बातम्यांत आलं. कुणी फार हुशारी केली नव्हती. हॉलमध्ये आई-बहिणी वावरतात तिथं कॅमेरा असेल तर हे लक्षात ठेवा.

आता राऊटर. इकडं सगळे त्याला मोडेम म्हणतात, म्हणा. त्याला दोन वेगळे पासवर्ड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतो. दुसरा त्या डब्याच्या आतल्या पानाचा, जे फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तसाच पत्ता टाकला की उघडतं. पत्ता आणि सुरुवातीचं नाव-पासवर्ड डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतं. वायफायचा पासवर्ड बदलून हे दुसरं कुलूप कारखान्यातून आलं तसंच ठेवणारी घरं फार. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसनं नेमका याचाच फायदा घेतला. त्याच्याकडं कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधायचे आणि ती यादी लावून बघायची, एवढंच. त्यातून लाखो उपकरणं हाताशी आली आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी साईटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर एकदम मारा केला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट कित्येक तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना घरी काहीच कळलं नाही. चित्र नेहमीसारखं दिसत होतं.

वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर ठेवायची आपल्याकडं पद्धतच आहे. शेजाऱ्याला तो पाठ असतो हे सोडा. तुमचा फोन वायफायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती रस्त्यावर उभं राहून टिपून घेता येते, आणि मग घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघता येतो. तुमच्या राऊटरला त्याची खबरही नसते. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. ऐकायला मोठं वाटतं, पण एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. आपल्याला तर सोय चांगली आहे, दोन मराठी आणि दोन कानडी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे. 'मालगाडी-ईरुळ्ळी-पाटावरवंटा-हुणसे' असलं काहीतरी. (हेच उचलू नका.) आईला सांगायला सोपं, टिपणाऱ्याला अवघड. आणि तो एका कागदावर लिहून कपाटात ठेवला तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. इंटरनेटवरून येणारा चोर कपाट उघडू शकत नाही.

राऊटरच्या त्या आतल्या पानावर 'डब्ल्यूपीएस' बंद करा. ही आठ आकडी पिननं जोडायची सोय आहे. पिन दोन भागांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा हिशेबाचा असतो, त्यामुळं दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांत ती सापडते. २०११ पासून हे जगजाहीर आहे, तरी बटण चालू असलेले डबे अजून भेटतात. बाहेरून व्यवस्थापनाची सोय, म्हणजे 'रिमोट मॅनेजमेंट', आणि 'यूपीएनपी', म्हणजे आतल्या साधनांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय, हेही बंद. फर्मवेअरचा, म्हणजे डब्याच्या आतल्या प्रोग्रामचा, अपडेट दिसला तर करून टाका. ऑपरेटरनं दिलेल्या डब्यात तो बहुधा त्यांच्याच हातात असतो, मग त्यांना फोन करून विचारा. वर्षानुवर्षं अपडेट आलेला नसेल तर डबा बदलून मागा, लाजू नका, महिन्याला पैसे भरता.

एक गोष्ट जरा बारकाईनं बघण्यासारखी आहे. राऊटरच्या 'वॅन' (बाहेरच्या लाईनच्या) पानावर जो आयपी पत्ता दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर ऑपरेटरनं एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. अशा घरात बाहेरचा माणूस त्या वाटेनं थेट तुमच्या डीव्हीआरच्या दारात येऊ शकत नाही. तेवढं तुमच्या फायद्याचं. पण फिटर जर म्हणाला, "स्टॅटिक आयपी घ्या, पोर्ट फॉरवर्ड करतो, चित्र लवकर दिसतं," तर नको म्हणा. स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त तुमच्या घरचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता, आणि पोर्ट फॉरवर्ड म्हणजे डीव्हीआरचं दार थेट रस्त्यावर उघडणं. सारं जग स्कॅन करत फिरणारे प्रोग्राम ५५४, ८०००, ३७७७७ असली कॅमेऱ्यांची ठरलेली पोर्ट रात्रंदिवस ठोठावत असतात. तुमच्या राऊटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या पानावर काही ओळी आधीच असतील तर त्या पुसा. ॲपमधून चित्र तरीही दिसेल. बेळगाव शहरात उद्यमबागेतल्या कारखान्यांना खरंच बाहेरून आत यायला लागतं. त्यांनी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची कुलूपबंद वाट, करून घ्यावं, घराला त्याची गरज नाही.

मग वेगळं वायफाय. बऱ्याच राऊटरांत 'गेस्ट नेटवर्क' असतं. कॅमेरे, टीव्ही बॉक्स आणि सोलार त्यावर, आणि घरचे फोन व बँकेचं काम चालणारा लॅपटॉप मुख्य वायफायवर. एखादं स्वस्त साधन बिघडलं तरी त्याला तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचता येऊ नये, एवढाच उद्देश. फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायची सोय मात्र बंद पडेल, वडिलांना आधी सांगा, नाहीतर भजनाच्या वेळी फोन येईल. काही डब्यांत गेस्टच्या नावाखाली फक्त दुसरं नाव मिळतं, वेगळेपणा नसतो. गेस्टला जोडलेल्या फोनवरून १९२.१६८.१.१ उघडून बघा. राऊटरचं पान उघडलं तर ते नावापुरतंच आहे.

तुमच्या यादीतली मला सगळ्यात खटकलेली वस्तू कॅमेरा नाही, टीव्हीचा बॉक्स आहे. नाव नसलेला, 'सगळी चॅनेलं फुकट' म्हणून विकला जाणारा तो काळा डबा. अशा डब्यांत कारखान्यातून किंवा पहिल्याच ॲपबरोबर घातक प्रोग्राम येतो, आणि 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयनं जून २०२५ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता. हा डबा पिक्चर दाखवत राहतो आणि मागच्या मागं तुमचं इंटरनेट दुसऱ्यांना भाड्यानं देतो. कुणीतरी कुठंतरी गुन्हा करतं आणि पत्ता निघतो तुमच्या घरचा. डब्यानं 'प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासणारी सोय) बंद करा' म्हटलं, किंवा गूगलऐवजी भलत्याच दुकानातून ॲप घ्यायला लावलं, तर त्याचा पासवर्ड बदलून काही होत नाही. काढा आणि भंगारात द्या. मराठी, कानडी सगळी चॅनेलं बघायची तर सरळ केबल घ्या, त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही.

सोलारच्या इन्व्हर्टरला लावलेली वायफायची कांडी स्वतःचं एक छोटं वायफाय सोडते, आणि त्याचा पासवर्ड बऱ्याचदा १२३४५६७८ असतो. ॲपमधून तो बदला. शेतात मोबाईल स्टार्टर असेल तर तेही बघून घ्या: त्यात सिम असतं आणि मिस कॉल दिला की मोटर सुरू होते. काही स्टार्टर कुणाच्याही नंबरवरून चालतात. आपले दोन-तीनच नंबर नोंदवायची सोय त्यात असते, तेवढी वापरा. रात्री पाळीला उसात पाणी सोडणाऱ्याला मोटर भलत्या वेळी चालू होणं परवडत नाही.

आणि हे सगळं केलं तरी एक वाट उघडी राहते, ती म्हणजे वडिलांचा फोन. कॅमेरा, सोलार, बँक सगळ्यांची ॲपं त्याच्यातच. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल येते, दाबली की फोन गेला. 'बिल थकलंय, आज रात्री लाईन तोडू' असा मेसेज हेस्कॉमच्या नावानं येतो, आणि चंदगडला राहणाऱ्या आत्याला तोच महावितरणच्या नावानं. पत्रिका एपीके कधीच नसते, आणि वीजबिलासाठी कुणी ॲप टाकायला सांगत नाही. कॅमेऱ्याच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे पासवर्ड फुटला तरी ओटीपीशिवाय आत येता येणार नाही. आणि पुण्यातून मदत करायची म्हणून त्यांच्या फोनमध्ये स्क्रीन दाखवणारं ॲप टाकू नका. फसवणारेही 'हेच ॲप टाका' असंच सांगतात, आणि वडिलांना त्याची सवय लागायला नको. व्हिडिओ कॉल लावा, आईला दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरू द्या. राऊटर आणि डीव्हीआरची कामं गणपतीला याल तेव्हा स्वतः बसून करा. खात्याचं आणि ट्रॅकिंगचं मात्र आजच.

तपासात खरंच अनोळखी माणूस आत आलेला दिसला तर इंटरनेटची वायर काढा, पण डीव्हीआरचा करंट बंद करू नका आणि लगेच रिसेटही मारू नका, नोंदी जातात. पैसे गेले असतील तर १९३० ला ताबडतोब फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार घरबसल्या करता येते, आणि बायका-मुलांच्या चित्रफितींसाठी तिथं नाव न देता तक्रार करायची सोय आहे. कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची) पोलीस ठाणी आहेत. तुमच्या घरची तक्रार बेळगावात, पण खातं किंवा आरोपी कोल्हापूरकडचा निघाला, असं सीमेवर होतंच. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआरची मागणी करा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवायची तरतूद स्पष्ट आहे. संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अंगांची चित्रं काढणं किंवा पसरवणं यासाठी आयटी कायद्याचं ६६ई कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कॅमेरे काढायचे का? बाहेरचे राहू द्या. म्हातारी माणसं एकटी असतात तिथं गेटावरचा कॅमेरा कामाचाच असतो. हॉलमधला मी असतो तर काढला असता. वडिलांची तब्येत बघायला ठेवला असेल तर ते रोज दोनदा फोन करून भागतं, आणि त्यांनाही ते आवडेल. ठेवायचाच असेल तर स्विच असलेल्या प्लगवर लावा आणि घरी माणसं असताना स्विच बंद. नवा घेणार असाल तर दुकानदाराला विचारा, सरकारची सुरक्षा चाचणी झालेला आहे का. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी ती सक्तीची आहे, जुना माल मात्र अजून कुठं कुठं पडून असतो. आणि काढलेला कॅमेरा कुणाला देणार असाल तर आधी ॲपमधून डिलीट करा, बुडाचं मेमरी कार्ड काढून घ्या, मग द्या.